मास कम्युनिकेशनचं प्राध्यापक व्हायचंय. शिकवणं, संशोधन आणि गावातलं काम, तिन्ही एकाच माणसाला जमतं का?

फलटणची_वार्ताहर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहूनच टाकते. मी 29 वर्षांची, फलटणला राहते, पुण्यात पत्रकारितेत एमए केलं आणि मग गेली पाच वर्षं एका दैनिकासाठी तालुक्याच्या बातम्या करतेय. काम आवडतं, पण मागच्या महिन्यात जवळच्या एका कॉलेजने तीन दिवस गेस्ट लेक्चरला बोलावलं आणि तेव्हापासून डोक्यात वेगळंच काहीतरी सुरू झालंय.

झालं असं की पहिल्या दिवशी मी पोरांना सांगितलं, उद्या येताना आपापल्या गल्लीतली एक बातमी घेऊन या, पेपरात आलेली नको. दुसऱ्या दिवशी बहुतेकांनी रस्त्यातले खड्डे आणले. एक पोरगा मागच्या बाकावर बसून होता, त्याने उठून वाचलं की आमच्या गल्लीत नळाला पाणी रात्री अडीचला येतं, त्यामुळे माझी आई गेली दोन वर्षं सलग झोपलेली नाही, आणि शेजारच्या चार घरांतल्या बायकांना विचारलं तर त्यांचंही तेच. वर्गात एकदम शांतता. मी पाच वर्षं पाणीपुरवठ्याच्या बातम्या केल्यात, पाणी किती दिवसाआड येतं ते लिहिलं, पण ते आल्यावर कोण उठतं हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. त्या दिवशी घरी येताना ठरवलं की हे काम करायचं.

आता प्रश्न असा की घरचे म्हणतात प्रोफेसर म्हणजे सुट्ट्या भरपूर आणि लेक्चरं दोन. आणि जाहिराती बघितल्या की त्यात अध्यापन, संशोधन, विस्तारकार्य असं तिन्ही लिहिलेलं असतं. हे प्रत्यक्षात कसं चालतं? गावात जाऊन लोकांसोबत काम करणं हे संशोधनात मोजतात का, की ते रविवारी स्वतःच्या खर्चाने करायचं? नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा), पीएचडी वगैरेचंही सांगा. वयाचं टेन्शन आहे थोडं.

---

निवृत्त_मास्तर

तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस म्हणून तूच म्हणतो, राग मानू नकोस. 31 वर्षं हा विषय शिकवला, आधी चार वर्षं पेपरात उपसंपादक होतो. तुझ्या त्या नळाच्या पोराचा किस्सा वाचला आणि उत्तर लिहायला बसलो.

आपल्याकडे या विषयाचं मूळ फार छान आहे आणि ते बरेचदा वर्गात सांगितलंच जात नाही. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात 1952 साली पत्रकारिता विभाग सुरू झाला, तिथे रोलंड वूल्सली नावाचे अमेरिकन प्राध्यापक शिकवायला आले होते. पण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट आहे ती 1956 ची. आकाशवाणी पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या साधारण दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळं केली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. गावातली वीसेक माणसं एका जागी बसून ऐकायची, ऐकून झालं की चर्चा करायची, आणि त्यांचे प्रश्न आणि मतं परत पुण्याला जायची, मग त्यावर पुढच्या कार्यक्रमात बोललं जायचं. ऐका, चर्चा करा, कृती करा असं त्याचं सूत्र होतं. म्हणजे 1956 साली, खेड्यात वीज नाही, तेव्हा आपल्याकडे रेडिओ दोन्ही बाजूंनी बोलत होता!

आणि हे यशस्वी झालं की नाही हे मोजलं कोणी, तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आलेले पॉल नॉयराथ या प्राध्यापकांनी. हा माणूस मूळचा व्हिएन्नाचा, दाखाउ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत गेला, कोलंबिया विद्यापीठात माध्यमांच्या परिणामांचा अभ्यास करणारे लाझार्सफेल्ड यांच्याकडे शिकला, आणि इथे येऊन आपल्या नगर, नाशिक, कोल्हापूरच्या खेड्यांत काय फरक पडला हे तपासत बसला. त्याने मंडळाची गावं घेतली, शिवाय रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं घेतली आणि रेडिओच नाही अशीही घेतली. निष्कर्ष असा की मंडळ असलेल्या गावांत लोकांचं ज्ञान कितीतरी जास्त वाढलं, नुसता रेडिओ असलेल्या गावांत तेवढं नाही. म्हणजे डबा बसवून काही होत नाही, त्याभोवती माणसं बोलायला बसली तर होतं. मी दरवर्षी पहिल्या आठवड्यात हेच शिकवायचो कारण पोरांना वाटतं संवादशास्त्र म्हणजे परदेशातलं काहीतरी, आणि हे तर त्यांच्या आज्याच्या गावात घडलेलं.

आता तुझा प्रश्न, तिन्ही जमतं का. माझं काय झालं ते सांगतो. शेतकऱ्यांना बाजारभाव कुठून कळतो यावर एक अभ्यास करत होतो, जुन्नर भागात, कांदावाले शेतकरी. सोबत आठ विद्यार्थी. फॉर्म आम्ही पुण्यात बसून केलेला, रेडिओ, टीव्ही, वर्तमानपत्र, मोबाइल, इतर, असे पाच चौकोन. पहिल्याच घरी एक म्हातारे बाबा वखारीपाशी कांदा निवडत बसलेले, त्यांना विचारलं तर हातातला कांदा बाजूला न ठेवता म्हणाले, "टेंपोवाला सांगतो की, काल मार्केटात गेलता त्यो." आम्ही 'इतर'वर खूण केली. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर फॉर्म चाळायला बसलो तर बाकीचे चौकोन जवळपास कोरे आणि 'इतर'च भरलेला. एका मुलीने विचारलं, सर म्हणजे आपला फॉर्मच चुकला का? मी म्हटलं हो. त्या रात्री आम्ही तिथेच तो फाडून नवीन केला आणि दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यांना सोडून टेंपोवाल्यांशी बोललो.

आता यात शिकवणं कुठलं, संशोधन कुठलं आणि समाजकार्य कुठलं ते मला वेगळं करून दाखवता येणार नाही. लाझार्सफेल्ड यांनी 1940 च्या अमेरिकन निवडणुकीचा अभ्यास ओहायोतल्या एका काउंटीत केला, त्यातून निघालं की माध्यमातली गोष्ट आधी काही जाणत्या लोकांकडे जाते आणि त्यांच्याकडून बाकीच्यांकडे. पुस्तकात ते द्विस्तरीय प्रवाह म्हणून येतं आणि पोरं घोकतात. माझ्या त्या आठ जणांना ते कधी घोकावं लागलं नाही, त्यांनी टेंपोवाला बघितला होता.

नियमांचं बाकीचे सांगतील, माझी माहिती आता जुनी झाली.

---

तासिका_मॅडम

सरांनी लिहिलंय ते मनापासून पटलं पण ताई तुम्हाला दुसरी बाजू पण कळायला हवी, नाहीतर नोकरी सोडाल आणि मग अडकाल. मी मराठवाड्यात आहे, नऊ वर्षं झाली तासिका तत्त्वावर शिकवते, नेट आहे, पीएचडी गेल्या वर्षी झाली.

आधी नियम. एमएला 55 टक्के हवेत (आरक्षित प्रवर्गाला 50). नेटचा आपला विषय क्रमांक 63, जनसंवाद आणि पत्रकारिता. दोन पेपर, मिळून 150 प्रश्न, 300 गुण, तीन तास सलग, निगेटिव्ह मार्किंग नाही. सहायक प्राध्यापक पात्रतेला वयाची अटच नाही त्यामुळे ते टेन्शन काढून टाका. जेआरएफला (नेटमधूनच मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती) 30 ची मर्यादा आहे पण महिलांना पाच वर्षं सवलत मिळते, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. जेआरएफ खरंच मिळवा, पहिली दोन वर्षं महिना 37,000 मिळतात आणि पीएचडी मन लावून करता येते. मला ती मिळाली नाही, मी शिकवत शिकवत केली, सहा वर्षं लागली. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकाला नेट, नाहीतर सेट किंवा स्लेट (राज्यपातळीवरची तशीच परीक्षा) ही किमान अट आहे, पीएचडी ऐच्छिक. पण मुलाखतीला समोर सगळे पीएचडीवाले बसलेले असतात हे लक्षात घ्या. आणि आता नेटच्या गुणांवर पीएचडी प्रवेश पण होतो, त्यामुळे एकच परीक्षा नीट द्या. सेट पण द्या, ती आपल्याकडे पुणे विद्यापीठ घेतं.

पूर्णवेळ जागेचा सुरुवातीचा बेसिक 57,700, सातव्या वेतन आयोगाने. आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष शिकवणं. कागदावर छान आहे. पण पत्रकारितेच्या जागा मुळात कमी, कितीतरी कॉलेजात हा कोर्स विनाअनुदानित चालतो, आणि आमच्यासारख्यांना तासाचे पैसे मिळतात तेही महिनोन्महिने थकून. मे महिन्यात शून्य. एका कॉलेजात मी शिकवत होते तिथे वर्षभराचं मानधन पुढच्या दिवाळीला मिळालं, त्या काळात भावाकडून पैसे घेऊन पीएचडीची फी भरली. हे मी रडायला सांगत नाहीये, तुमच्या हिशोबात ते धरा म्हणून सांगतेय. पेपरची नोकरी नेट निघेपर्यंत अजिबात सोडू नका.

संशोधनाचं म्हणाल तर एक इशारा. पैसे भरा आणि आठ दिवसांत पेपर छापून मिळेल असे मेसेज रोज येतील. युजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, पण 2025 मध्ये बंद झाली, आता कुठलं जर्नल चांगलं हे ज्याचं त्याने पारखायचं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी हुशार लोकांनी घाईत भलत्या ठिकाणी छापलं आणि आता ते पेपर मुलाखतीत दाखवायला लाज वाटते त्यांना. वर्षाला एकच लिहा पण तुमचा लिहा.

गावातलं काम मोजतात का, तर आता थोडं मोजायला लागलेत. नवीन शैक्षणिक धोरणात आपल्याकडे फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटला स्वतंत्र क्रेडिट आहेत. बऱ्याच ठिकाणी ते बॅनर धरून फोटो काढण्यापुरतं होतं, पण शिक्षकाला करायचं असेल तर ती जागा आहे आणि तुम्हाला कोणी अडवत नाही. मी गेल्या वर्षी मुलींना ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काम करायला लावलं. मुकादम कुठला, उचल (आगाऊ पैसे) किती, कारखाना कधी सुरू होणार हे सगळं त्यात येतं आणि फोन बहुतेक नवऱ्याकडे. बायकांना निघायची तारीख सगळ्यात शेवटी कळते! वर्गातल्या दोन मुली स्वतः तसल्या घरातल्या, त्यांनी जे लिहिलं ते मला पीएचडी करून लिहिता आलं नसतं. पगार थकलेला असताना पण त्या दिवशी मी घरी आनंदात गेले.

---

मिडवेस्टमधला_मराठी

मी अमेरिकेत एका सरकारी विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर आहे, कम्युनिकेशन विभागात, पाचवं वर्ष. तुम्ही इकडे यायचं म्हणत नाही आहात तरी लिहितो कारण हे तीन शब्द, टीचिंग, रिसर्च, सर्व्हिस, इकडच्या करारात अक्षरशः टक्क्यांनी लिहिलेले असतात. माझे 40, 40, 20. सहाव्या वर्षी सगळी फाइल बाहेरच्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांकडे जाते, त्यांची पत्रं येतात, मग टेन्युअर, म्हणजे नोकरी कायम. नाही मिळालं तर वर्षभरात निघायचं. त्यामुळे पहिली पाच वर्षं सगळे सीनियर एकच सांगतात, आधी पेपर छाप, लोकांचं नंतर बघ.

एक फरक समजून घ्या. आपल्याकडे हा विषय पत्रकारितेतून आला, इकडे भाषणकलेतून. 1914 साली भाषण शिकवणारे 17 शिक्षक इंग्रजीच्या शिक्षकांच्या संघटनेतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली, तीच आजची नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन. म्हणून अजूनही पीएचडीचा विद्यार्थी इकडे आला की त्याला पहिल्याच सेमिस्टरला पब्लिक स्पीकिंगचा वर्ग शिकवायला देतात. माझा उच्चार ऐकून पोरं काय म्हणतील या भीतीने मी पहिल्या दिवशी सगळं लेक्चर पाठ करून गेलो होतो. तो वर्ग आज माझा सगळ्यात आवडता आहे.

सरांनी कांद्याचं लिहिलं म्हणून एव्हरेट रॉजर्स आठवले. नवीन गोष्ट समाजात कशी पसरते यावर त्यांचं 1962 चं पुस्तक आमच्या विषयातलं सगळ्यात जास्त उद्धृत होणाऱ्यांपैकी. पण त्याची सुरुवात आयोवातल्या त्यांच्या घरच्या शेतावर आहे. वडिलांना यंत्रं आवडायची पण संकरित मक्याचं बियाणं मात्र त्यांनी आठ वर्षं घेतलं नाही. 1936 च्या दुष्काळात शेजाऱ्याचा संकरित मका उभा आणि यांचा वाळून गेला, तेव्हा पटलं. पोराच्या डोक्यात ते राहिलं की चांगली गोष्ट समोर दिसत असून माणूस ती घेत का नाही. आणि मला रॉजर्स मोठे वाटतात ते पुढच्या गोष्टीसाठी, 1976 मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की वरून खाली माहिती ढकलली की विकास होतो हा आमचा जुना विचार आता संपला. आपलंच म्हणणं मागे घ्यायला प्राध्यापकाला किती जड जातं ते इथे राहून रोज बघतोय.

माझं स्वतःचं काम इथल्या मक्याच्या प्रक्रिया कारखान्यातल्या स्थलांतरित कामगारांना तब्येतीची माहिती कुठल्या भाषेत आणि कोणाकडून मिळते यावर आहे. दर दुसऱ्या शनिवारी त्यांच्या चर्चच्या तळघरात जातो. पहिले आठ महिने एकही मुलाखत घेतली नाही, फक्त खुर्च्या लावल्या आणि पोरांना गणित शिकवलं. विभागात विचारायचे, डेटा कुठाय? माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. नवव्या महिन्यात एक बाई स्वतः आली आणि म्हणाली, तुला काहीतरी विचारायचं होतं ना, विचार.

---

कम्युनिटी_रेडिओवाली

मी प्राध्यापक नाही. दुष्काळी भागातल्या एका कम्युनिटी रेडिओवर (गावातल्या लोकांनीच गावासाठी चालवलेला रेडिओ) अकरा वर्षं काम करते, दहावी शिकलेय. हा धागा माझ्या पुतणीने पाठवला म्हणून लिहिते, ती टाइप करतेय मी सांगतेय.

आमच्याकडे दरवर्षी विद्यापीठातली माणसं येतात. चांगली असतात. फॉर्म भरून घेतात, फोटो काढतात, ताई तुमचं काम खूप ग्रेट आहे म्हणतात आणि जातात. परत कोणी येत नाही. एकदा आमच्या शेजारच्या वाडीतल्या आजीचं, जात्यावरच्या ओव्या म्हणणारी आजी, दोन पोरांनी दिवसभर रेकॉर्डिंग केलं. संध्याकाळी आजीने विचारलं, मला ऐकवा की माझा आवाज. त्यांनी हेडफोन लावून दिला. ऐकलं तिने डोळे मिटून आणि मग विचारलं, "आता ह्याचं काय करनार?" ती पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आजी वारली आता. ते रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही, तिच्या लेकीकडे पण नाही. लेक अजून विचारते मला.

म्हणून ताई तुम्ही प्राध्यापक व्हा जरूर, पण जे न्याल त्याची एक कॉपी तिथेच ठेवा. पेन ड्राइव्हला दोनशे रुपये लागतात.

आणि रेडिओबद्दल माहिती हवी तर, 2006 पासून स्वयंसेवी संस्थांना पण लायसन्स मिळतं, त्याआधी फक्त कॉलेज-विद्यापीठांना होतं. ताकद 100 वॅट, दहा-पंधरा किलोमीटर जातो आवाज. बातम्या आम्हाला स्वतःच्या लावता येत नाहीत, आकाशवाणीच्याच लावाव्या लागतात. हे चुकीचं आहे असं मला वाटतं. गावात टँकर आला नाही ही बातमी आमच्याशिवाय कोण देणार? तुमच्यापासून जवळ म्हसवडला माणदेशी तरंग आहे, 90.4 वर, 2008 पासून, तिकडे जाऊन बसा एक दिवस.

---

निवृत्त_मास्तर

या ताईंनी सांगितलं ते वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. जुन्नरच्या त्या टेंपोवाल्यांना आमचा अहवाल मी कधीच दिला नव्हता. इंग्रजीत होता, मासिकात छापून आला, माझ्या बढतीच्या फाइलला लागला, आणि तिथे संपला. हे आज इथे लिहायला हवं असं वाटलं.

कम्युनिटी रेडिओवर ज्यांना अभ्यास करायचाय त्यांनी हैदराबाद विद्यापीठातल्या विनोद पवराला यांचं काम बघा, तिथे 2011 पासून कम्युनिटी मीडियावर युनेस्कोचं अध्यासन आहे. प्राध्यापकाने कायद्यासाठी पण भांडायचं असतं हे त्यांच्याकडे बघून कळतं. 1995 ला सुप्रीम कोर्टाने हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निकाल दिला, पण तिथपासून गावातल्या बाईच्या हातात माइक यायला 2008 उजाडलं. तेलंगणातल्या झहीराबाद भागातला संघम रेडिओ त्या वर्षी दलित शेतकरी बायकांनी सुरू केला. मधल्या 13 वर्षांत ज्या लोकांनी पाठपुरावा केला त्यात शिकवणारे, संस्थावाले असे बरेच होते, आणि ते कुठल्याही बढतीच्या फाइलला लागत नाही.

---

फलटणची_वार्ताहर

सगळ्यांचे खरंच आभार. दोनदा वाचलं सगळं, आईला पण वाचून दाखवलं. नोकरी सोडत नाहीये मॅडम, डिसेंबरची नेट देतेय, पुस्तकं आज मागवली. मिडवेस्टवाले दादा, ते आठ महिने खुर्च्या लावण्याचं मनात राहिलंय, आम्हा बातमीदारांना तर चार वाजता बातमी द्यायची असते त्यामुळे ही सवय मला नव्याने लावावी लागणार.

ताई, रेडिओवाल्या, त्या आजीच्या लेकीसाठी एक करता येईल का बघते. ती पोरं कुठल्या विद्यापीठातली होती आणि साधारण कुठल्या वर्षी आली होती एवढं मला मेसेज करा, माझ्या बॅचचे दोघंतिघं वेगवेगळ्या विभागांत आहेत, कोणाच्या तरी हार्ड डिस्कवर असेल अजून.

आणि त्या नळाच्या पोराला काल फोन केला. त्याची परवानगी घेतली, त्याच्या आईची पण घेतली. बातमी त्याच्याच नावाने देतेय. लिहून झाली की आधी त्याच्या गल्लीत वाचून दाखवणार, रात्री अडीचला, बायका पाणी भरायला जमतात तेव्हाच.

---

कम्युनिटी_रेडिओवाली

मेसेज केला. पोरं मार्चमध्ये आलेली, होळीच्या आदल्या दिवशी, एवढं नक्की आठवतं कारण आजीने त्यांना पोळी खाऊन जा म्हटलेलं.